जुनी विंडोज ठेवावी की नवी घ्यावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सपोर्ट, थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी विंडोज १० असलेले संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. पत्रे छापली गेली, वीजबिले भरली गेली, मुलांचे गृहपाठ झाले. म्हणूनच अनेक घरांतून आणि लहान कार्यालयांतून एक रास्त प्रश्न विचारला जातो की, यंत्र जर पूर्वीसारखेच चालते आहे, तर नेमके संपले काय? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले, तर जुन्या आणि नव्या कार्यप्रणालींची तुलना करणे फारसे अवघड राहत नाही. ते नीट मिळाले नाही, तर माणूस एक तर घाबरून नवा संगणक विकत घेतो किंवा हट्टाने जुनाच वापरत राहतो आणि दोन्ही वेळा त्याचे नुकसान होण्याचा संभव असतो.

कार्यप्रणाली, म्हणजे बोलण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम, ही संगणकाची कारभारी असते. मेमरी, डिस्क, पडदा, कीबोर्ड, प्रिंटर आणि इंटरनेटची जोडणी या सर्वांच्या किल्ल्या तिच्या हाती असतात. आपण पत्र लिहितो तो प्रोग्राम किंवा आपण उघडतो तो ब्राउझर स्वतः डिस्कला हात लावत नाही. तो कारभाऱ्याकडे मागणी करतो आणि कारभारी कोणाला काय, किती आणि केव्हा द्यायचे ते ठरवतो. हा कारभारी वयाने थकत नाही. २००१ साली आलेली विंडोज एक्सपी आजही त्या काळच्या यंत्रावर त्या काळच्या वेगानेच चालते. बदलते ते तिच्याभोवतीचे जग: तिच्याशी बोलणारी संकेतस्थळे, तिला जोडली जाणारी उपकरणे, तिच्या कुलपांचा अभ्यास करणारे चोर आणि तिला वाचता यावीत अशी अक्षरे. तुलना करताना कार्यप्रणालीचे वय पाहण्याआधी आपला संगणक बाहेरच्या जगाशी किती बोलतो हे पाहावे, असे माझे मत आहे.

आधार संपणे म्हणजे दुरुस्त्या येणे थांबणे. कोट्यवधी ओळींच्या प्रोग्राममध्ये चुका राहतातच आणि त्यांतल्या काही चुका अशा असतात की, त्यांच्यातून परका माणूस आत शिरू शकतो. अशी भोके सापडली की उत्पादक ती बुजवतो आणि बुजवण्याचे साहित्य अपडेटच्या रूपाने आपल्याकडे पाठवतो. इथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्या आतील बराच भाग समाईक आहे. विंडोज ११ साठी एखादी दुरुस्ती बाहेर पडली की जाणकार हल्लेखोर दुरुस्तीपूर्वीचा आणि दुरुस्तीनंतरचा प्रोग्राम शेजारी शेजारी ठेवून नेमके कोठे काय बदलले ते शोधतात आणि तेच भोक विंडोज १० मध्ये उघडे आहे का ते तपासतात. नव्या घराची डागडुजी अशा रीतीने जुन्या घराचा नकाशाच चोराच्या हाती देते. म्हणून दुरुस्त्या बंद झालेली प्रणाली पहिल्या महिन्यात जवळजवळ पूर्वीइतकीच सुरक्षित असते आणि पुढे प्रत्येक महिन्यागणिक थोडी थोडी असुरक्षित होत जाते.

१२ मे २०१७ रोजी पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याचे चांगले उदाहरण आहे. विंडोजमध्ये फाइली एकमेकांना देण्याची जी जुनी पद्धत होती, तिच्यातील एका भोकातून तो शिरला आणि काही दिवसांतच दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला होता, तरी परिस्थिती पाहून मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठीही तातडीची दुरुस्ती दिली. पण या घटनेची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य एक्सपीची नव्हती, ती विंडोज ७ ची होती. विंडोज ७ तेव्हा आधारात होती आणि तिची दुरुस्ती मार्च महिन्यातच आली होती. वापरणाऱ्यांनी ती बसवून घेतली नव्हती, एवढेच. नवी प्रणाली घेऊन अपडेट बंद करून ठेवणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोणी डेटा वाचवण्यासाठी ते करतो, तर कोणाला दुकानदारानेच तसे करून दिलेले असते. त्यांची नवी विंडोज आणि शेजाऱ्याची जुनी विंडोज यांत सुरक्षेच्या दृष्टीने फार अंतर राहत नाही.

चोर आलाच नाही असे धरले, तरी जुन्या प्रणालीला बाहेरच्या जगाशी बोलणे कठीण होत जाते. बँकेचे किंवा सरकारी कामाचे संकेतस्थळ उघडताना आपला संगणक आणि ते संकेतस्थळ चालवणारा दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, आधी एक गुप्त भाषा ठरवून घेतात. या भाषेच्याही आवृत्त्या असतात. कार्डाने होणाऱ्या व्यवहारांसाठी तिची सर्वांत जुनी आवृत्ती ३० जून २०१८ नंतर चालवून घ्यायची नाही, असे त्या क्षेत्राने ठरवले, आणि एक्सपीमधल्या इंटरनेट एक्सप्लोररला नेमकी त्याच आवृत्तीपर्यंतची भाषा येत होती. शिवाय, समोरचे संकेतस्थळ खरे आहे याची खात्री देणारी प्रमाणपत्रे संगणकात साठवलेली असतात आणि त्यांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असेच एक मोठे मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले आणि त्यानंतर जुन्या यंत्रांवर कित्येक चांगल्या संकेतस्थळांच्या जागी धोक्याची सूचना दिसू लागली. दरम्यान ब्राउझर तयार करणारेही एकेक जुनी प्रणाली सोडून देतात. गुगल क्रोमने एक्सपीची साथ एप्रिल २०१६ मध्ये सोडली आणि विंडोज ७ वर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती, १०९ वी, जानेवारी २०२३ मध्ये आली. माझ्या मते घरगुती वापरात एखादी प्रणाली खऱ्या अर्थाने निवृत्त होते ती ब्राउझर तिला सोडतो तेव्हा, कारण आज घरातले बहुतेक काम ब्राउझरच्या आतच चालते.

जुन्या प्रणालींच्या बाजूने सर्वांत जास्त ऐकू येणारा मुद्दा वेगाचा असतो. ‘एक्सपी कशी झटपट चालायची, आता टेन टाकली तर उघडायलाच पाच मिनिटे लागतात’, हा अनुभव खरा आहे. त्याचे कारण मात्र बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. एक्सपीला किमान ६४ एमबी मेमरी लागत असे आणि १२८ एमबी असावी अशी शिफारस होती. विंडोज ११ ची किमान गरज ४ जीबी आहे, म्हणजे ६४ एमबीच्या तुलनेत चौसष्ट पट. एवढी भूक कशामुळे वाढली, तर नवी प्रणाली पाठीमागे सतत काही ना काही करत असते. फाइली पटकन सापडाव्यात म्हणून त्यांची सूची करणे, व्हायरस तपासणे, अपडेट उतरवून घेणे, छायाचित्रांची प्रत दूरच्या सर्व्हरवर ठेवणे, अशी ती कामे असतात आणि त्यांतले प्रत्येक काम डिस्कवरून काही तरी वाचते.

इथे थोडे गणित करून पाहावे. जुनी हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती जागा सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, साधारण ४ मिलिसेकंद, थांबावे लागते. सुई एका वर्तुळावरून दुसऱ्यावर सरकण्यासाठी आणखी ८ ते ९ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या जागांवरची माहिती वाचायची असेल, तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ऐंशी मागण्या पुऱ्या करू शकते. लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी डिस्क असते, तिथे हा आकडा आणखी खाली येतो. पाठीमागे दहा कामे एकाच वेळी मागण्या करू लागली की आपल्या पत्राची फाइल त्या रांगेत उभी राहते आणि संगणक कशात गुंतला आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसते. एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी नव्या प्रकारची डिस्क, हिच्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे एक मागणी पुरी व्हायला तिला एका मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. म्हणून सात-आठ वर्षांच्या संगणकात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि मेमरी ८ जीबी केली की तीच विंडोज १० ओळखू न येण्याइतकी चपळ होते. ज्यांनी संगणक मंद झाला म्हणून दरवर्षी फॉरमॅट मारून घेतला, त्यांनी त्याच पैशांत हे केले असते, तर त्यांची बरीच दगदग वाचली असती, असे मला मनापासून वाटते. एक्सपीला मात्र एसएसडीचा पूर्ण फायदा घेता येत नाही, कारण पुसलेल्या जागा कोणत्या हे एसएसडीला कळवण्याची सोय विंडोज ७ पासून आली.

आणखी एक बदल डोळ्यांना दिसत नाही, पण तो मोलाचा आहे. एक्सपी बसवताना जी खाती तयार होत, ती सर्व मालकी हक्काची असत; त्यामुळे आपण चालवलेला कोणताही प्रोग्राम प्रणालीच्या मर्मस्थानापर्यंत पोहोचू शकत असे. सायबर कॅफेतून आणलेला पेनड्राइव्ह लावताच आपोआप सुरू होणारे आणि फोल्डरचे रूप घेऊन बसणारे व्हायरस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने प्रत्येक मोठ्या बदलापूर्वी परवानगी मागायला सुरुवात केली. लोक तेव्हा त्या प्रश्नांना कंटाळले, व्हिस्टाला नावेही ठेवली गेली. तरी पुढच्या सर्व आवृत्त्यांची सुरक्षा त्याच पायावर उभी आहे. विंडोज ७ ने पेनड्राइव्हवरून प्रोग्राम आपोआप सुरू होणे थांबवले आणि विंडोज ८ पासून व्हायरसरोधक प्रोग्राम प्रणालीच्या आतच मिळू लागला. त्यामुळे घरगुती वापरासाठी वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज आता बहुतेकांना नसते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी जुन्या आणि नव्या प्रणालींतला फरक याहूनही खोल आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली ती विंडोज २००० पासून, ‘मंगल’ या फाँटसह. एक्सपीमध्ये ती होती खरी, पण कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन चालू करावी लागे आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी घालावी लागे. ज्यांच्याकडे सीडी नसे, त्यांच्या पडद्यावर मराठी शब्दांच्या जागी चौकोन दिसत किंवा वेलांट्या भलत्याच अक्षरांना लागत. व्हिस्टापासून ही अडचण संपली. विंडोज ८ ने ‘निर्मला’ हा नवा फाँट आणला. २०१९ मधील विंडोज १० च्या अपडेटने रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्याचा कीबोर्डही दिला, त्यामुळे इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड न शिकलेल्यांनाही बाहेरचा कोणताही प्रोग्राम न बसवता मराठी लिहिता येऊ लागले.

अक्षरांचे वय म्हणजे काय, हे ‘ॲप’ या शब्दात दिसते. त्यातले ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ साली. एक्सपी त्यापूर्वीची असल्यामुळे तिच्या मंगल फाँटमध्ये ते अक्षरच नाही, म्हणून तिथे चौकोन उमटतो. पूर्वी लोक साध्या ‘अ’वर अर्धचंद्र देऊन काम भागवत आणि आजही अनेक जण तसेच लिहितात. नव्या पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत. एक रूप शोधले, तर दुसऱ्या रूपात लिहिलेला मजकूर अनेक प्रोग्रामांत सापडत नाही. ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतल्या आडव्या रेघेच्या र-काराचीही अशीच दोन रूपे प्रचारात आहेत. रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० साली ठरले. विंडोज ७ त्यापूर्वीच बाजारात आलेली असल्याने तिच्यासाठी ते वेगळ्या अपडेटने द्यावे लागले. अपडेट बंद ठेवणाऱ्यांच्या बिलांवर या चिन्हाच्या जागी चौकोन का येतो, याचे कारण हेच.

याहून मोठा प्रश्न आपल्या डीटीपीवाल्यांचा, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्यांचा, आहे. महाराष्ट्रातली कित्येक वर्षांची स्मरणिका, लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि पाठ्यसाहित्य कृतिदेव, शिवाजी, किरण यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांत आणि पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्रामच्या फाइलींत साठवलेले आहे. या फाँटांत मराठी अक्षर हे रोमन अक्षराच्या जागेवर काढलेले चित्र असते. संगणकाला तो मजकूर इंग्रजी निरर्थक अक्षरांचाच वाटतो. तो फाँट काढून घेतला की तीच अक्षरे उघडी पडतात. फाँट स्वतः विंडोज ११ वरही चालतात. अडते ते इतर गोष्टींवर. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे आणि तिला युनिकोड देवनागरी समजत नाही. मराठी टंकलेखनाची काही जुनी पॅकेजे संगणकाच्या पाठीमागे लावायच्या डोंगलशिवाय, म्हणजे किल्लीसारख्या छोट्या उपकरणाशिवाय, उघडत नाहीत आणि त्या डोंगलला चालणारा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यातला दुभाषी प्रोग्राम, नव्या विंडोजसाठी कोणी केलेला असेलच असे नाही.

ड्रायव्हरचा हा प्रश्न ३२ बिट आणि ६४ बिट यांच्याशी जोडलेला आहे. ३२ बिट पद्धतीत मेमरीतल्या जागांना देता येणारे क्रमांक सुमारे ४२९ कोटींवर संपतात, म्हणून अशा घरगुती विंडोजला ४ जीबीपलीकडची मेमरी वापरता येत नाही. ६४ बिट विंडोज ३२ बिट प्रोग्राम चालवते, पण ड्रायव्हर मात्र ६४ बिटचेच मागते आणि त्याहून जुने १६ बिट प्रोग्राम ती मुळीच चालवत नाही. विंडोज १० दोन्ही प्रकारांत मिळत असे, विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये आहे. त्यामुळे जुना स्कॅनर, मोठ्या आकाराचा जुना प्रिंटर किंवा प्रयोगशाळेतले एखादे मोजयंत्र विंडोज ११ वर चालेल का, हे नवा संगणक घेण्याआधी विचारून घ्यावे, नंतर नव्हे.

विंडोज ११ ने यंत्राच्या अटीही कडक केल्या. मुळात ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली तेव्हापासून इंटेलचा आठव्या पिढीचा, म्हणजे साधारण २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा, किंवा त्याच्या बरोबरीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप असावी अशी अट आहे. टीपीएम ही किल्ल्या ठेवण्याची छोटी तिजोरी असते. प्रोग्रामांना तिच्या आत हात घालता येत नाही. अनेक संगणकांत ती असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते, म्हणून ‘तुमचा संगणक पात्र नाही’ असा संदेश आला तरी आधी ती चालू करून पाहावी. अटी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ टाकून देणारेही आहेत. तशी ती चालतेही, पण अशा यंत्रांना अपडेट मिळण्याचा हक्क राहत नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटले आहे; आणि ज्यासाठी नवी प्रणाली घ्यायची, ती दुरुस्तीच अनिश्चित राहणार असेल, तर हा खटाटोप मला योग्य वाटत नाही.

विंडोज ११ कडे वळणाऱ्यांना एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. २०२४ च्या आवृत्तीपासून नव्या बसवणीत डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ लागली आहे आणि तिची किल्ली, म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की, आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवली जाते. लॅपटॉप चोरीला गेला, तर आतली कागदपत्रे चोराला वाचता येत नाहीत, हा मोठा लाभ आहे. पण दुकानदाराने स्वतःच्याच ईमेलने खाते उघडून दिले असेल आणि पुढे मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट-बोर्ड, बदलल्यावर ती किल्ली विचारली गेली, तर आपल्याच फाइली आपल्याला मिळणार नाहीत. खाते स्वतःच्या नावे, स्वतःच्या मोबाइल क्रमांकाने उघडावे आणि ती किल्ली कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवावी.

ज्यांचे यंत्र विंडोज ११ ला पात्र आहे, त्यांना अधिकृत विंडोज १० वरून तिकडे जाण्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत, त्यांनी जावे. ज्यांचे पात्र नाही, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा-दुरुस्ती योजना जाहीर केली आणि आपल्या सेटिंग्जची प्रत मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवण्यास जो तयार असेल, त्याला तीत विनामूल्य नोंदणीची सोय दिली. ही केवळ उसंत आहे. तिच्या काळात लिनक्स मिंट ही विनामूल्य कार्यप्रणाली पाहून घ्यावी, असे मी सुचवीन. तिला २ जीबी मेमरी पुरते, ४ जीबीवर ती सुखाने चालते आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या तिच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते, तेवढ्याने डिस्कवरचे काहीही बदलत नाही. ब्राउझर, ईमेल, चित्रपट, लिब्रेऑफिसमधली पत्रे आणि इन्स्क्रिप्ट मराठी हे सर्व तीत नीट होते. टॅली किंवा फोटोशॉप यांवर ज्याचे पोट आहे, त्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये, कारण ते प्रोग्राम लिनक्ससाठी बनवलेले नाहीत.

राहता राहिला तो पेजमेकरचा जुना संगणक. तो टाकून देण्याचे काही कारण नाही. त्याची इंटरनेटची वायर काढावी, वायफाय बंद करावे आणि फाइलींची ने-आण एकाच राखीव पेनड्राइव्हने, नव्या यंत्रावर तपासून करावी. जगाशी बोलणे थांबले की एक्सपीसुद्धा आणखी काही वर्षे बिनघोर काम करील. धोका तिच्या जुन्या डिस्कला आहे. म्हणून त्या फाइलींची प्रत आजच दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, सोबत ज्या फाँटांत मजकूर आहे ते फाँटही ठेवावेत, प्रत्येक पुस्तकाची एक पीडीएफ काढावी आणि मग मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणण्यास सुरुवात करावी. परिवर्तनात जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात, त्यामुळे मूळ छापील प्रत शेजारी ठेवून मुद्रितशोधन करावे लागते, आणि ते काम मूळ फाइल अजून पडद्यावर उघडते आहे तोवरच नीट करता येते.